चित्रपटासोबतची कॉमेंट्री: खान्देशातल्या प्रेक्षकांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जळगावात आम्ही काही चित्रपटवेडी मंडळी अधूनमधून एकत्र बसून एखादा चित्रपट पाहतो. मग चहा घेऊन, डिस्कवर कॉमेंट्रीचा ट्रॅक असेल तर तो लावून, तोच चित्रपट पुन्हा पाहतो. भुसावळहून, अमळनेरहून, कधी शिरपूरहून एसटी धरून नवे लोक येतात आणि साधारण तेच प्रश्न विचारतात. त्यांची उत्तरं इथे एकत्र लिहिली आहेत.

कॉमेंट्री म्हणजे क्रिकेटची असते तशी का?

थोडीफार. डीव्हीडी किंवा ब्लू-रेवर चित्रपटाच्या मूळ आवाजाशिवाय आणखीही आवाजाच्या पट्ट्या ठेवता येतात. त्यातली एक कॉमेंट्रीची असते. ती लावली की पडद्यावर चित्रपट तोच चालतो, पहिल्या फ्रेमपासून शेवटच्या श्रेयनामावलीपर्यंत. पण ऐकू येतो तो दिग्दर्शक, छायाचित्रकार, संकलक, नट किंवा एखादा अभ्यासक. समोर त्या क्षणी जे दिसतंय त्याबद्दल तो बोलत असतो. मूळ संवाद आणि संगीत मागे हळू आवाजात चालू राहतात आणि बोलणारा थांबला की वर येतात.

ध्वनिमुद्रण करताना ही माणसं हेडफोन लावून चित्रपट पाहत पाहतच बोलतात. कधी दोघं-तिघं एकत्र बसतात, कधी प्रत्येकाचं बोलणं वेगळं घेऊन नंतर जोडतात. अभ्यासक बहुधा टिपणं काढून आणतात. दिग्दर्शक मात्र समोर दिसेल तसे बोलत जातात, आणि बरेचदा त्यातच खरा माल असतो.

हे सुरू कधी झालं?

१९८४ साली, अमेरिकेत. तेव्हा लेझरडिस्क नावाची तीस सेंटिमीटर व्यासाची, ग्रामोफोनच्या मोठ्या रेकॉर्डएवढी चकती असे. क्रायटेरियन कंपनीने १९३३ चा ‘किंग काँग’ तिच्यावर काढला. आवाजासाठी एक जादा पट्टी मोकळी होती. तिच्यावर रोनाल्ड हेवर यांचं बोलणं घातलं. हेवर हे लॉस एंजेलिसच्या कला संग्रहालयात चित्रपट विभाग सांभाळत. महाकाय वानर एकेक फ्रेम हलवून कसा जिवंत केला, चित्रपट कसा जुळून आला, हे सगळं ते चित्रपटाबरोबर सांगत जातात.

पहिली कॉमेंट्री करणारा माणूस दिग्दर्शकही नव्हता आणि नटही नव्हता, ही गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. जुन्या चित्रपटांवर जीव लावणारा, त्यांची कागदपत्रं धुंडाळणारा तो माणूस होता. १९९३ साली हेवर गेले. त्यांचं ते बोलणं आजही ऐकता येतं.

आम्ही घरी इतक्या सीडी पाहिल्या, त्यांच्यावर असं काही दिसलं नाही. का?

कारण आपल्याकडे घरोघरी पोचली ती व्हीसीडी. मराठी चित्रपट वर्षानुवर्षं त्याच रूपात विकले गेले. बसस्थानकाजवळच्या दुकानात, आठवडेबाजारात, यात्रेत पाटीवर मांडून. व्हीसीडीची रचना १९९३ ची. एका चकतीवर सव्वा तासाच्या आसपास चित्र मावायचं, म्हणून एका चित्रपटाला दोन किंवा तीन चकत्या. आणि आवाज एकच स्टीरिओ. फार तर डाव्या बाजूला एक भाषा आणि उजव्या बाजूला दुसरी एवढीच सोय करता येई. वेगळ्या कॉमेंट्रीला तिथे वावच नव्हता.

डीव्हीडी जपानमध्ये १९९६ च्या अखेरीस आणि अमेरिकेत १९९७ मध्ये बाजारात आली. तिच्यावर आवाजाच्या आठ पट्ट्या ठेवता येतात. ब्लू-रेवर बत्तीस. कॉमेंट्रीला लागणारी जागाही अगदी थोडी. दोन तासांचं बोलणं नेहमीच्या दर्जात पावणेदोनशे एमबीच्या आत बसतं, आणि दुहेरी थराची डीव्हीडी साडेआठ जीबीची. म्हणजे चकतीचे जेमतेम दोन टक्के. तिकडे कंपन्यांनी इतक्या कॉमेंट्री काढल्या, त्याचं हे साधं कारण आहे. खर्च थोडा आणि ग्राहकाला चकती विकत घ्यायला आणखी एक निमित्त.

आपल्याकडे डीव्हीडी पोचली तोवर बहुतेकांच्या हातात मोबाइल आला. दोन्हींच्या मधला काळ फार थोडा मिळाला. मराठी प्रेक्षक कॉमेंट्रीला मुकला तो असा. त्याला गोडी नव्हती, असं कुणी म्हणू नये.

“पिच्चर देखानं का यासन्या गप्पा ऐकान्या?”

हा प्रश्न एका आबांनी विचारला होता, आणि तो अगदी रास्त आहे. चित्रपट आधी चित्रपट म्हणूनच पाहावा. पहिल्यांदा पाहताना कॉमेंट्री लावू नये, यात दुमत नाही. पण जो चित्रपट मनात बसला, तो दुसऱ्यांदा पाहताना त्याच्या निर्मात्याला शेजारी बसवण्याची सोय असेल तर ती का सोडायची?

मुलाखतीत माणूस आठवून बोलतो. कॉमेंट्रीत दृश्य समोर असतं. ते त्याला जागेवर पकडतं. खिडकीतून येणारा उजेड दिसला की छायाचित्रकाराला तो दिवा कुठे टांगला होता ते आठवतं. नटाने मान वळवली की दिग्दर्शकाला त्या दिवशी काय अडचण होती ते आठवतं. हे असं सांगणं दुसऱ्या कुठल्याही प्रकारात इतक्या बारकाईने मिळत नाही, कारण कुणी प्रत्येक शॉटबद्दल प्रश्न विचारत बसत नाही. इथे प्रश्न विचारायचं काम चित्रपटच करतो.

अजिंठ्याला गेलेल्यांना हे लगेच कळेल. लेणीत आपण आपले गेलो तर भिंतीवर रंग दिसतात. जाणकाराने बॅटरीचा उजेड तिरका धरला की त्याच भिंतीवर मोत्यांची माळ दिसायला लागते. माळ तिथेच होती, पण नजर तिथपर्यंत पोचत नव्हती.

एक ठोस उदाहरण घ्या. ‘सिटिझन केन’ हा १९४१ चा चित्रपट. त्याच्या २००१ च्या डीव्हीडीवर समीक्षक रॉजर एबर्ट यांची कॉमेंट्री आहे. या चित्रपटात कॅमेरा खाली ठेवून वर पाहतो, त्यामुळे खोल्यांची छतं दिसतात. स्टुडिओतल्या सेटला तेव्हा सहसा छत नसे, कारण दिवे वरून सोडावे लागत. इथे छतं होती, पण कापडाची. त्यामुळे वर माइक लपवता आले. मोठी गर्दी, मोठे वाडे वाटतात त्यातलं कितीतरी चित्र रंगवून, फिल्मवर फिल्म छापून केलेलं आहे. एबर्ट हे शॉट येत जातील तसं दाखवत जातात. हे ऐकल्यावर ‘पैसा नाही म्हणून भव्य करता येत नाही’ असं म्हणणाऱ्या आपल्याकडच्या पोरांच्या चेहऱ्यात जो फरक पडतो, तो मी पाहिला आहे.

आणि एक गोष्ट आपल्या भागासाठी विशेष. पुण्याची फिल्म इन्स्टिट्यूट इथून रात्रभराच्या प्रवासावर आहे. तळोद्याच्या किंवा धडगावच्या मुलाला तिथे प्रवेश मिळणं, राहण्याचा खर्च झेपणं, सगळंच अवघड. त्याच्या हातात चांगल्या कॉमेंट्रीच्या दहा-बारा डिस्क आल्या, तर कॅमेरा कुठे ठेवायचा, शॉट कधी कापायचा, कमी पैशात कसं निभवायचं, यावर कामात मुरलेल्या माणसांचं तासन्तास बोलणं त्याला घरबसल्या मिळतं. मला कॉमेंट्री इतकी मोलाची वाटते ती याच्यासाठी.

यूट्यूबवर मेकिंगचे व्हिडिओ असतात. ते पुरेसे नाहीत का?

ते जाहिरातीसाठी केलेले असतात. पाच-दहा मिनिटांत सगळे एकमेकांना छान म्हणतात आणि विषय संपतो. दोन तास बोलायचं म्हटल्यावर कौतुक पहिल्या वीस मिनिटांत संपतं, आणि मग माणूस कामाबद्दल बोलायला लागतो. इथे हा शॉट हवा होता पण ऊन गेलं. इथे पुरेशी माणसं नव्हती म्हणून तीच तीन वेळा फिरवली. हा प्रसंग मुळात नंतर होता, संकलनात पुढे आणला. कच्चं बोलणं ऐकायला मिळतं ते तिथे.

यूट्यूबवर काही जण फार अभ्यासपूर्ण विश्लेषण करतात, ते जरूर पाहावं. पण त्यात चित्रपटाचे तुकडे असतात. कॉमेंट्रीत सलग चित्रपट असतो, आणि गती, लय, थांबणं हे सलग पाहिल्याशिवाय कळत नाही.

कुणाची कॉमेंट्री ऐकावी?

माझा कल सांगतो. नटांच्या टोळक्याची शेवटी ठेवा. त्यात हसणं-खिदळणं जास्त, माहिती कमी, अपवाद आहेतच. दिग्दर्शक एकटा बोलत असेल तर चांगलं. दिग्दर्शक आणि छायाचित्रकार, किंवा दिग्दर्शक आणि लेखक एकत्र असतील तर त्याहून चांगलं, कारण एक जण विसरतो ते दुसरा आठवून देतो.

कधी त्यांचं जुळत नाही, आणि तेव्हाच सर्वांत जास्त शिकायला मिळतं. १९९९ च्या ‘द लाइमी’ या चित्रपटाच्या डिस्कवर दिग्दर्शक स्टीव्हन सोडरबर्ग आणि लेखक लेम डॉब्स एकत्र आहेत. आपण लिहिलेलं कसं कापलं गेलं याची तक्रार डॉब्स तिथेच, दिग्दर्शकाच्या तोंडावर करतात, आणि सोडरबर्ग आपली बाजू मांडतात. पटकथा लिहिणाऱ्या प्रत्येकाने ते ऐकावं. कागदावरचा शब्द आणि पडद्यावरचा शॉट यांच्यातली ओढाताण इतकी उघडपणे क्वचितच ऐकू येते.

तंत्रज्ञांच्या कॉमेंट्रीकडे लोक दुर्लक्ष करतात, ते करू नका. ‘लॉर्ड ऑफ द रिंग्ज’च्या लांबवलेल्या आवृत्त्यांवर प्रत्येक चित्रपटाला चार-चार कॉमेंट्री आहेत. लेखक-दिग्दर्शकांची एक, नटांची एक, निर्मिती आणि नंतरच्या कामाची एक, आणि कलादिग्दर्शन, वेशभूषा वगैरे रचनाकारांची एक. आमच्याकडे गणपतीची आरास करणारे, नाटकाचे पडदे रंगवणारे लोक येतात. त्यांना सर्वांत भावली ती ही शेवटची.

चित्रपट फार जुना असेल, करणारे हयात नसतील, तर अभ्यासकाची कॉमेंट्री हाच मार्ग.

आपल्याकडच्या चित्रपटाची एखादी सांगा.

मीरा नायर यांच्या ‘मान्सून वेडिंग’च्या डिस्कवर त्यांची स्वतःची कॉमेंट्री आहे. चित्रपट २००१ चा, दिल्लीतल्या एका पंजाबी कुटुंबातल्या लग्नाचा. महिन्याभरात, बहुतेक हातात धरलेल्या सुपर सोळा, म्हणजे सोळा मिलिमीटर फिल्मच्या कॅमेऱ्यावर चित्रित केलेला. पाचोऱ्याकडचा एक लग्नाचं शूटिंग करणारा मुलगा त्या दिवशी आमच्यात होता. संपल्यावर बराच वेळ बसून राहिला आणि म्हणाला, “दादा, आम्ही सगळा वेळ नवरा-नवरीवरच कॅमेरा धरतो. घर कुठे दिसतं त्यात?” त्यानंतर त्याने केलेल्या एका लग्नात मांडवामागे भांडी घासणाऱ्या बाया आहेत, पायरीवर एकटे बसलेले मुलीचे मामा आहेत. ते लग्नघर आता खरोखर खान्देशातलं वाटतं.

सगळ्याच कॉमेंट्री चांगल्या असतात का?

नाही. पडद्यावर दिसतंय तेच सांगणाऱ्या असतात, “आता तो दार उघडतो” अशा. पुष्कळ शांतता असणाऱ्या असतात. काही ठिकाणी वकिलांच्या भीतीने बोलणारा प्रत्येक वाक्य जपून टाकतो. पहिल्या पंधरा मिनिटांत काही हाती लागलं नाही तर बंद करायला हरकत नाही.

आणखी एक सावधगिरी. दिग्दर्शकाने सांगितलं म्हणजे चित्रपटाचा अर्थ तोच, असं समजू नये. त्याने काय केलं, कसं केलं, हे त्याच्याकडून घ्यावं. आपल्याला काय भिडलं, हे आपलं आपण ठरवावं.

इंग्रजी पटकन कळत नाही. मग?

हा सर्वांत मोठा अडसर आहे आणि तो खरा आहे. बोलणारे वेगाने बोलतात आणि कॉमेंट्रीला सबटायटल बहुतेक वेळा नसतात. काही मोठ्या कंपन्यांच्या डिस्कवर असतात, म्हणून सबटायटलच्या मेनूत शेवटपर्यंत जाऊन पाहा.

नसतील तर आम्ही असं करतो. आधी एक जण पूर्ण ऐकून टिपणं काढतो. मग सगळे बसतात तेव्हा महत्त्वाच्या जागी चित्र थांबवून मराठीत सांगतो. एबर्ट स्वतः अमेरिकेतल्या कोलोराडो राज्यातल्या बोल्डरला दरवर्षी एका परिषदेत असंच करत. अंधारात सगळे बसलेले, कुणीही “थांबा” म्हणायचं, चित्र थांबायचं आणि त्या एका फ्रेमवर चर्चा व्हायची. एक चित्रपट दिवसेंदिवस चाले. आमच्याकडे “थांबा” म्हणायला सुरुवातीला लोक लाजतात, विशेषतः बाया. पण एकदा कुणी तरी म्हटलं की मग आवरत नाही.

ही पद्धत मला कॉमेंट्रीइतकीच आवडते. तिच्यात ऐकणाराही बोलता होतो.

डिस्क मागवताना काय बघायचं?

पाठीमागचा मजकूर वाचा. विशेष बाबींच्या यादीत कॉमेंट्रीचा उल्लेख असतो. त्याच चित्रपटाच्या दोन आवृत्त्यांपैकी एकीवर असते, दुसरीवर नसते. भारतात निघालेल्या स्वस्त आवृत्तीतून ती अनेकदा वगळलेली असते.

दुसरं, रीजन, म्हणजे चकती जगाच्या कुठल्या भागातल्या प्लेअरवर चालेल ते सांगणारी खूण. भारत डीव्हीडीसाठी रीजन पाच आणि ब्लू-रेसाठी रीजन सी. अमेरिकेची डीव्हीडी रीजन एक, ब्लू-रे ए. इंग्लंडची डीव्हीडी दोन, ब्लू-रे बी. नातेवाइकांनी परदेशातून आणलेली ब्लू-रे इथल्या प्लेअरवर अनेकदा चालत नाही ती यामुळे. सर्व रीजन चालवणारा प्लेअर मिळतो का ते आधी विचारा. फोर-के ब्लू-रेला रीजनची अडचण नसते, पण तिचा प्लेअर महाग.

जुन्या डीव्हीडी रद्दीच्या आणि भंगाराच्या दुकानातही निघतात. बंद पडलेल्या सीडी लायब्रऱ्यांचा माल तिथेच गेला. त्यात हात घालून बघत जा.

डिस्क आहे, पण कॉमेंट्री लावायची कशी?

रिमोटवर ‘ऑडिओ’ लिहिलेलं बटण असतं, ते एकेकदा दाबत जा. किंवा डिस्कच्या मेनूत भाषा किंवा विशेष बाबी या भागात पाहा. संगणकावर व्हीएलसी हा प्लेअर असेल तर वरच्या ऑडिओ मेनूत ऑडिओ ट्रॅकची यादी दिसते. विंडोजवर ‘बी’ कळ दाबली तरी ट्रॅक बदलतो. मूळ संवादाची सबटायटल सोबत चालू ठेवा, म्हणजे प्रसंग कुठे आहे ते सुटत नाही.

माझ्याकडे पेनड्राइव्हमध्ये तोच चित्रपट आहे, त्यात का नाही?

फाइल लहान करताना जादा ट्रॅक काढून टाकतात. शिवाय ती फाइल बहुधा चोरीची असते, तेव्हा तिच्याबद्दल इथे अधिक लिहीत नाही.

ओटीटीवर का मिळत नाही?

तांत्रिक अडचण काही नाही. ओटीटीवर एकाच मालिकेला हिंदी, तमिळ, तेलुगू असे कितीतरी आवाज असतात. त्यात आणखी एक बसेल. पण डिस्क विकताना कॉमेंट्रीमुळे एखादा ग्राहक वाढायचा, तसा ओटीटीवर वाढत नाही, असा कंपन्यांचा हिशेब दिसतो. क्रायटेरियनने २०१९ साली स्वतःची सेवा सुरू केली. तिच्यावर कॉमेंट्रीसुद्धा आहेत, पण ती अमेरिका आणि कॅनडापुरती.

दुसरीकडे डिस्कचा बाजार आटत चालला आहे. टपालाने डिस्क पाठवूनच मोठी झालेली नेटफ्लिक्स, तिनेही सप्टेंबर २०२३ मध्ये ती सेवा थांबवली. चित्रपट कुठे ना कुठे टिकतील, कारण त्यांना किंमत आहे. कॉमेंट्रीचं तसं नाही. एखाद्या आवृत्तीची छपाई बंद झाली आणि हक्क दुसऱ्या कंपनीकडे गेले, तर नव्या आवृत्तीत जुनी कॉमेंट्री येईलच असं नसतं. ज्यांच्याकडे अशा डिस्क आहेत त्यांनी त्या सांभाळाव्यात, ही कळकळीची विनंती. उभ्या ठेवा, उन्हापासून आणि पत्र्याच्या छताखालच्या उष्म्यापासून दूर ठेवा. आपल्याकडच्या मे महिन्यात पत्र्याखाली प्लास्टिक वाकतं.

अंध प्रेक्षकांसाठी जे वर्णन असतं, ते हेच का?

नाही. त्यात पडद्यावरची कृती संवादांच्या मधल्या जागेत थोडक्यात सांगतात, म्हणजे न पाहता गोष्ट कळावी. तो वेगळा आणि फार गरजेचा प्रकार आहे. आमच्याकडे येणारे एक दृष्टिहीन शिक्षक मात्र दोन्ही ऐकतात. कॉमेंट्री ऐकताना चित्राबद्दल इतकं बोललं जातं, की त्यांच्या मनात ते दृश्य उभं राहतं, असं ते सांगतात.

मराठी चित्रपटांच्या कॉमेंट्री व्हायला हव्या होत्या असं तुम्ही म्हणता. उदाहरण द्या.

‘जैत रे जैत’. १९७७, दिग्दर्शन जब्बार पटेल, संगीत हृदयनाथ मंगेशकर, गीतं ना. धों. महानोर. मुख्य भूमिकेत मोहन आगाशे आणि स्मिता पाटील. महानोर आपल्या पळासखेड्याचे, शेतात राबून कविता लिहिणारे. स्मिता पाटील शिरपूरच्या घराण्यातल्या. त्या १९८६ साली गेल्या, अवघ्या एकतिसाव्या वर्षी. महानोर २०२३ मध्ये गेले.

या चित्रपटात गाणं थांबत नाही, गोष्ट गाण्यातूनच पुढे सरकते. कुठल्या प्रसंगाला कुठला शब्द सुचला, चालीवर शब्द आले की शब्दांवर चाल, ठाकर आदिवासींच्या बोलीतलं काय घेतलं आणि स्वतःच्या रानातलं काय आणलं, हे महानोरांना चित्रपट समोर लावून विचारलं असतं तर? ते बोलायला कंजूस नव्हते. त्यांच्या मुलाखती आहेत, लेखन आहे, ते मोलाचं आहेच. पण अमुक ओळ आली आणि त्याच क्षणी ते काही बोलले, असं जे हाती लागलं असतं, ते आता कधीच मिळणार नाही. याची मला फार हळहळ वाटते.

आपल्या भागाला अशा सांभाळण्याचं महत्त्व नव्याने शिकवायला नको. बहिणाबाई चौधरींनी घरोटं ओढताना, शेतात काम करताना ओव्या म्हटल्या. त्या स्वतः लिहू शकत नव्हत्या. त्यांचे पुत्र सोपानदेव यांनी आणि नात्यातल्या दुसऱ्या एका मुलाने त्या कागदावर उतरवल्या, म्हणून १९५१ साली बहिणाबाई गेल्यानंतरही त्या आपल्यापर्यंत पोचल्या. तेव्हा कुणी “हे काय लिहून ठेवायचं” म्हटलं असतं तर?

मग आपण आपली कॉमेंट्री रेकॉर्ड करू शकतो का?

करू शकतो, आणि आम्ही करायला लागलो आहोत. लागतं थोडं. एक मोबाइल किंवा साधा यूएसबी माइक, हेडफोन आणि चित्रपट. हेडफोन एकाच कानाला लावा, म्हणजे स्वतःचा आवाजही ऐकू येतो. चित्राचा आवाज स्पीकरवर ठेवू नका, तो माइकमध्ये शिरतो. सुरुवातीला ठरलेल्या फ्रेमवर, समजा शीर्षक दिसताच, एक टाळी वाजवा. नंतर आवाज आणि चित्र जुळवताना ती टाळी उपयोगी पडते. आवाजाची काटछाट ऑडेसिटी या फुकट सॉफ्टवेअरवर होते. चित्रपट तुमचा स्वतःचा असेल तर एमकेव्हीटूलनिक्स हे सॉफ्टवेअर वापरून तो आवाज फाइलमध्ये दुसरा ट्रॅक म्हणून घालता येतो.

एक तांत्रिक बाब इथे अनेकांना अडवते. चित्रपट सेकंदाला चोवीस फ्रेमने चित्रित होतो. पाल या, भारतात आणि युरोपात चालणाऱ्या टीव्हीच्या पद्धतीच्या डीव्हीडीवर तो पंचवीसने चालवलेला असतो, म्हणजे चार टक्के जलद. तासाभराचा भाग सत्तावन्न मिनिटं छत्तीस सेकंदांत संपतो. ब्लू-रे पाहून केलेली कॉमेंट्री अशा डीव्हीडीबरोबर लावली तर तासाभरात सव्वादोन मिनिटांहून जास्त मागे पडते. म्हणून कुठल्या आवृत्तीवर बोललात ते सुरुवातीलाच बोलून टाका, आणि अधूनमधून “आता पुलावरचा प्रसंग सुरू झाला” अशी खूण देत चला. ऐकणारा आपलं आपण जुळवून घेतो.

जुन्या माणसांची कॉमेंट्री घेताना त्यांच्याशेजारी विचारणारा एक जण हवाच. एकट्याला माइकसमोर बसवलं तर ते भाषण करतात. शेजारी नातवाच्या वयाचं कुणी असलं की गोष्ट सांगतात.

कायद्याची अडचण?

चित्रपट आपला असेल तर काहीच नाही. दुसऱ्याचा असेल तर फक्त आपल्या बोलण्याची फाइल द्यावी. तिच्यात मूळ चित्रपटाचा आवाज किंवा गाणी नसावीत. ऐकणारा आपल्याकडची डिस्क लावून सोबत ऐकेल. भारतात चित्रपटाचा कॉपीराइट प्रदर्शनानंतर साठ वर्षं असतो, त्यामुळे फार जुने चित्रपट मोकळे झाले आहेत. पण त्यातल्या गाण्यांचे, कथेचे हक्क वेगळे मोजले जातात. डिस्कवरचं कुलूप तोडणं २०१२ च्या दुरुस्तीनंतर गुन्ह्यात येऊ शकतं, तिकडे जाऊ नका.

आमचा तर अहिराणीतला अर्ध्या तासाचा विनोदी व्हिडिओ. त्याला कसली कॉमेंट्री?

त्याला सर्वांत आधी. मोठ्या चित्रपटांवर लिहिणारे पुष्कळ आहेत, तुमच्यावर लिहिणारं कुणी नाही. शेजारच्या मालेगावचं पाहा. नासिर शेख आणि त्यांच्या मित्रांनी तुटपुंज्या पैशात चित्रपट केले, सायकलची ट्रॉली आणि बैलगाडीची क्रेन करून. हे जगाला कळलं ते २००८ साली फैझा अहमद खान यांनी त्यांच्यावर माहितीपट केला म्हणून. प्रत्येक गावात माहितीपट करणारं कुणी येणार नाही. आपलं आपणच सांगायला हवं.

सांगण्यासारखं काय असतं? तो वाडा कुणाचा, आता पाडला का. केळीच्या बागेतलं दृश्य यावलकडचं की रावेरकडचं. पोलीस झालेला माणूस प्रत्यक्षात काय करतो, त्याचा गणवेश कुठून आणला. तो शब्द धुळ्याकडे असा म्हणतात आणि नंदुरबारकडे तसा, मग तुम्ही कुठला घेतला. मागून दिसणारी जिनिंग अजून चालू आहे का. हे आज सगळ्यांना ठाऊक आहे म्हणून सांगावंसं वाटत नाही. तीस वर्षांनी कुणालाच ठाऊक नसेल.

कॉमेंट्री अहिराणीतच करा. तावडी बोलत असाल तर तावडीत. कुणी हसेल म्हणून भाषा बदलू नका.

रेकॉर्डिंगला यायचं असेल तर काय तयारी करावी?

चित्रपट पेनड्राइव्हमध्ये आणा आणि आदल्या आठवड्यात एकदा पूर्ण पाहून ठेवा. प्रसंगानुसार पाच-सात मुद्दे कागदावर मोठ्या अक्षरात लिहा. पान उलटण्याचा आवाज येतो, म्हणून एकाच बाजूला लिहा. काम केलेले दोन-तीन जण सोबत असले तर उत्तम, चारांपेक्षा जास्त नकोत. हातात काचेच्या बांगड्या असतील तर तेवढ्यापुरत्या मागे सारून रुमाल बांधून घ्यायला सांगतो. पंखा आणि कूलर बंद ठेवावे लागतात, म्हणून एप्रिल-मेमध्ये सकाळी सातच्या आत सुरू करतो. पाणी आणि लिंबू सरबत आमच्याकडे असतं.